पेंढा गरम नसतो

रेहाना, आठवी ब-चा फळा अजून कोणी पुसलेला नाही.

शिपाईमामांनी दोनदा डस्टर उचललं आणि दोनदा परत ठेवलं. फळ्यावर तुझं अक्षर आहे, उजवीकडे चढत जाणारं. शाळा इंग्रजी माध्यमाची, तरी तू मराठीतच लिहिलंयस : झाकण न उघडता मासा कसा दाखवायचा? त्याखाली मुलांनी सुचवलेली चार उत्तरं, चारही मुलांनीच खोडलेली. तो प्रश्न लिहून तू दुपारी अंगात कणकण आहे म्हणून घरी गेलीस. नवव्या दिवशी तुझ्या घरून फोन आला.

वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन शब्द लिहा, असं प्रिन्सिपल मॅडमनी मला सांगितलं. मी इंग्रजीत एक पान लिहिलं. व्याकरणाची एक चूक नव्हती. वाचून पाहिलं तर ते कुणाही शिक्षिकेवर चालून गेलं असतं. ते फाडलं. म्हणून हे मराठीत लिहितेय, आणि तुलाच. माझ्या लिहिलेल्या मराठीला तू 'इस्त्री केलेली' म्हणायचीस. असू दे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नंतर धीर होणार नाही. मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

त्या दिवशी राजिवड्यात तुमच्या गल्लीत अख्खी आठवी ब युनिफॉर्ममध्ये उभी होती. पुरुषमंडळी तुला घेऊन गेली आणि आम्ही बायका आतल्या खोलीत बसलो. वर्गातली अल्फिया माझ्या ओढणीत तोंड खुपसून रडत होती. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि मनात विचार काय करत होते, तर मी गेले तर यांतलं कोण येईल? चेहऱ्यांवरून नजर फिरवून मी खरंच अंदाज घेतला. तुझ्या मरणाच्या घरात बसून मी हे केलं, रेहाना.

तुझ्या अम्मींनी मला ओळखलं. "तू तन्वी ना गो? तुझी लय तारीफ करायची ती." मी मान खाली घातली. कसली तारीफ, हे विचारावंसं वाटत होतं. विचारलं नाही.

विचारणं मला जमतच नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी ज्या शाळेत शिकले तिथे वर्गात मराठी बोललं की गळ्यात एक पाटी अडकवायचे आणि दुसरा कुणी मराठी बोलताना सापडेपर्यंत ती गळ्यात ठेवायची. मी पाटी एकदाच घातली. त्यानंतर वाक्य मनात पूर्ण तयार झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे शिकले. वाक्य तयार होईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटतं, ही शिष्ट आहे. तुला तसं वाटलं नाही. तू पहिल्याच आठवड्यात स्कूटर थांबवून म्हणालीस, "बस मागे, मारुती मंदिरापर्यंत सोडते. बोलायची सक्ती नाही."

तू मराठी माध्यमातली. तुझ्या इंग्रजी स्पेलिंगच्या चुका मी पेन्सिलने बारीक दुरुस्त करून द्यायचे, बांगड्यातला काटा काढावा तशा, हेही तुझेच शब्द. त्या चुका सापडल्या की मला बरं वाटायचं, हे मात्र तुला माहीत नसेल. पालकसभेत भाषण मी करायचे. पालक मला 'फ्लुएंट' म्हणायचे. आणि मधल्या सुट्टीत मुलं तुझ्या टेबलाभोवती असायची.

गेल्या वर्षी, ही मुलं सातवीत असताना, बर्फाचा प्रकल्प घ्यायचा, ही कल्पना तुझी. दोन्ही तुकड्यांनी, माझ्या अ-ने आणि तुझ्या ब-ने, एकेक पेटी बनवायची, थर्माकोल वापरायचं नाही, इथे मिळेल तेच वापरायचं, आणि सकाळच्या बर्फात ठेवलेला मासा संध्याकाळपर्यंत टिकला पाहिजे. तुझी हमीदा चाची नाक्यावर टोपली घेऊन बसते आणि दुपारनंतर तिचा मासा उतरतो, तिच्यासाठी. मला वाटलं होतं मुलं कार्डबोर्डचं मॉडेल करतील, चकचकीत कागद लावतील, दुकानातून चित्रं आणतील. आम्ही शाळेत असताना प्रकल्प म्हणजे तेच असायचं. तू दोन्ही वर्गांना घेऊन मिरकरवाड्याच्या बंदरावर निघालीस.

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो, कारण त्या दिवशी मी जळायला लागले. लिलाव चालू होता. ओल्या जेट्टीवर मी पर्स छातीशी धरून, श्वास रोखून उभी. तू सलवारचे पाय दुमडून टोपल्यांमधून चाललेली, कुणाला चाचा, कुणाला मामा करत. तुझा नियम होता, प्रत्येकाने एका अनोळखी माणसाला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत वही उघडायची नाही. माझ्या वर्गातली साक्षी, जी वर्गात 'प्रेझेंट' म्हणतानाही लाजते, ती बर्फ फोडणाऱ्या माणसासमोर जाऊन उभी राहिली आणि विचारून आली की तुमचे हात दुखत नाहीत का. तो माणूस हसला आणि तिला दहा मिनिटं बर्फाबद्दल सांगत बसला. परत निघताना तू यादी बघितलीस आणि मला म्हणालीस, "तन्वी, तुझा प्रश्न राहिला गो." मी हसून टाळलं. माझ्या वर्गातल्या मुलीला माझ्यादेखत तू बोलतं केलं होतंस. मी जूनपासून प्रयत्न करत होते.

मग डिसेंबरमध्ये पेटीत काय भरायचं यावर वाद झाला. तुझ्या वर्गात कुणीतरी पेंढा सुचवला आणि सगळ्यांनी त्याला हसून उडवून लावलं. प्रत्येकाच्या घरी आंब्याची आढी लागते. कच्चा हापूस पेंढ्यात रचायचा, वर पेंढा घालायचा, चार दिवसांनी हात घातला तर आत ऊब लागते. म्हणजे पेंढा गरम. गरम पेंढ्यात बर्फ कोण ठेवील? कोल्हापूरच्या मुलांना ही चूक सुचलीही नसती, तू नंतर हसत म्हणालीस, ही आपल्या रत्नागिरीची खास चूक. पण त्या दिवशी तू काहीच बोलली नाहीस. फळ्यावर 'पेंढा : गरम' असं मुलांनी लिहिलं आणि तू ते राहू दिलंस. त्यांनी काथ्या आणि ओलं गोणपाट घ्यायचं ठरवलं.

मी दारात उभी राहून हे ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात गेले आणि सांगून टाकलं. पेंढा घ्या, कोरडा, एकात एक ठेवलेल्या दोन पेट्यांच्या मध्ये दाबून भरा. का, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुस्तकातून एक आकृती काढून दिली. एका तासिकेत आमचं काम झालं.

तुझ्या पेटीतल्या बर्फाचं दुपारीच पाणी झालं. दोन बांगडे खराब झाले आणि तो वास दोन दिवस वर्गातून जाईना. पालकांची तक्रार आली. प्रिन्सिपल मॅडमनी तुला बोलावलं तेव्हा मी तिथेच होते, वेळापत्रकावर सही घ्यायला. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, बघा, यांचं किती व्यवस्थित झालंय. मी मान हलवली. एक वाक्य बोलले असते तरी चाललं असतं. तयार नव्हतं.

जानेवारीतल्या विज्ञान प्रदर्शनात आम्हाला ढाल मिळाली. तुमच्या पेटीवर तुझ्या मुलांनी मोठ्या अक्षरांत 'आमची पेटी चालली नाही. आम्ही हे हे करून पाहिलं' असं लिहून लावलं होतं. लोक हसत पुढे जात होते. परीक्षक आमच्या टेबलाशी आले, त्यांनी साक्षीला विचारलं, पेंढाच का? साक्षीने सरळ सांगितलं, "टीचरनी सांगितलं." परीक्षकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तू दोन पावलांवर होतीस. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग आपल्या पेटीचं झाकण नीट बसवायला लागलीस.

परतताना स्कूटरवर आपलं भांडण झालं. म्हणजे आपल्या हिशेबाने भांडण, आवाज कुणाचाच चढला नाही. तू म्हणालीस, "सांगून टाकलं की त्यांचं काम संपतं गो."

"आणि नाही सांगितलं की मासे सडतात."

"सडले तर कळतं ना."

"आणि बोलणी? ती पोरंच खातात. आणि तू."

मग तू मागे न बघता विचारलंस, "तुला कुणी कधी चुकू दिलं नाही काय गो?"

मी म्हटलं, इथेच सोड, मला भाजी घ्यायचीय. मला भाजी घ्यायची नव्हती.

त्यानंतर आपण पुन्हा त्या विषयावर आलो नाही. अजूनही मला वाटतं की मी म्हणाले त्यात थोडं खरं होतं. चुकू देणं ज्यांना परवडतं त्यांनीच ते करावं. ज्याच्या गळ्यात पाटी पडते त्याला चूक म्हणजे शिकणं वाटत नाही. पण मी सांगितलं ते मुलांना पाटीपासून वाचवायला नव्हे. तुझी मुलं हरावीत म्हणून सांगितलं. माझ्या युक्तिवादात हे एवढंच गाळलेलं होतं.

आणि एप्रिलमधली ती सकाळ. परीक्षा संपल्या होत्या. गरम पेंढ्यात आमचा बर्फ कसा टिकला, हे तुझ्या मुलांना अजून उलगडलं नव्हतं. तू वर्गात दोन खोकी आणलीस, एकात नुसता पेंढा, दुसऱ्यात पेंढा आणि कच्चे आंबे. दोन्हीत थर्मामीटर. तीन दिवस मुलं येऊन वाचायची आणि लिहायची. तिसऱ्या दिवशी मी उत्तरपत्रिका घेऊन व्हरांड्यातून चालले होते. अल्फिया नुसत्या पेंढ्याच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घालून उभी होती. मग तिने तो हात आंब्यांच्या खोक्यात घातला. मग पुन्हा पहिल्या. "टीचर, पेंढा गरम नसतोच. आंबा गरम असतो. पेंढा नुसता धरून ठेवतो." आणि लगेच दुसरी कुणीतरी ओरडली, "म्हणूनच बर्फाचं गारपण पण धरतो!"

तू टाळ्या वाजवल्या नाहीस. खडू पुढे केलास, एवढंच.

मी व्हरांड्यात थांबले होते. ते उत्तर मी माझ्या मुलांना डिसेंबरमध्ये फुकट देऊन बसले होते. त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा तसा झाला नव्हता. ढाल माझ्या कपाटात होती आणि मला ती अल्फियाच्या कोपराला चिकटलेल्या पेंढ्याच्या काडीसमोर कवडीमोल वाटली. मुलांपेक्षाही मला हेवा वाटला तुझ्या थांबण्याचा. डिसेंबर ते एप्रिल तू एक वाक्य गिळून बसली होतीस. मीही वाक्यं गिळते, पण भीतीने. तू त्यांच्यावर विश्वास ठेवून थांबली होतीस. असं माझ्यासाठी कधी कुणी थांबलं असतं तर, असं मला वाटलं. खरंच असंच वाटलं.

जूनमध्ये तू मुलांबरोबर आठवीत गेलीस, मी सातवीवरच राहिले. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघाल्या तेव्हा त्यांनी पेंढ्याची नवी पेटी हमीदा चाचीला नेऊन दिली. चार दिवसांनी चाची पेटी परत घेऊन शाळेच्या फाटकात उभी. बर्फ राहतो, मासा राहतो, सगळं बेस आहे, पण गिऱ्हाईक बघल्याशिवाय मासा घेत नाय, दरवेळी झाकण उघडायला लागतं, मग कसला बर्फ आणि कसलं काय. मुलं हिरमुसली. तू मात्र इतकी खूश झालीस, जणू बक्षीस मिळालं. वर्गात गेलीस आणि फळ्यावर तो प्रश्न लिहिलास.

तू गेल्यावर आठवी ब माझ्याकडे आली. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, प्रकल्पाची फाइल तेवढी पूर्ण करून टाका, तुम्हाला नीट जमतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता.

पहिल्या दिवशी मी कपाटातून ती ढाल काढली आणि घेऊन वर्गात गेले. टेबलावर ठेवली. वाक्य घरून तयार करून आणलं होतं, ते ऐनवेळी आठवलं नाही. मग जसं आलं तसं बोलले. ही ढाल सातवी अ-ने मिळवलेली नाही, पेंढा त्यांनी शोधला नव्हता, मी सांगितला होता, आणि तुम्ही हरावं म्हणून सांगितला होता.

मग अल्फिया उभी राहिली. "आम्हाला माहितीये टीचर."

"कुणी सांगितलं?"

"साक्षीनेच. प्रदर्शनाच्याच दिवशी. आम्ही रेहाना टीचरना म्हटलं, प्रिन्सिपल मॅडमना सांगूया. त्या नको म्हणाल्या. म्हणाल्या, तन्वी टीचर स्वतः सांगतील, त्यांना वेळ द्या."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मी विचारलेलं, कधी सांगणार? तर म्हणाल्या, आढी सारखी उसकटली तर आंबा पिकतो काय रे?"

सगळे हसले. तुझ्या आवाजाची नक्कल त्याला छान जमली होती, हसता हसता दोघी-तिघी रडायला लागल्या. मी ढालीवर हात ठेवून उभी राहिले.

जानेवारी ते सप्टेंबर, रेहाना. आठ महिने रोज संध्याकाळी तुझ्या मागे बसून मी मारुती मंदिरापर्यंत आले. शाळेच्या फाटकातून बाहेर पडलं की तू विचारायचीस, "मग, काय म्हणतेस?" आणि गप्प व्हायचीस. मी म्हणायचे, काही नाही. मला वाटायचं, हिच्याकडे मुलांसाठी इतकं बोलणं आहे आणि माझ्यासाठी काहीच नाही. वळणावळणावर त्या गप्प बसण्याचा मला राग यायचा. ते थांबणं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. तुझ्या वर्गाचा हेवा करत होते तेव्हा मी तुझ्या वर्गातच बसले होते, मागच्या सीटवर.

आणि म्हणून आता आपलं ते राहिलेलं भांडण मी पुढे नेते. तुझी पद्धत चुकली. अल्फियाला एप्रिल मिळाला. मला मिळाला नाही. मी मंद विद्यार्थिनी आहे, तुला माहीत होतं, तरी तू एकदाही स्कूटर थांबवून विचारलं नाहीस की का केलंस. एका वाक्याने झालं असतं. सांगून टाकलं की काम संपतं म्हणालीस ना? संपायला हवं होतं. मी सॉरी म्हणाले असते, तू काहीतरी फटकन बोलली असतीस आणि आपण खाली उतरून सरबत प्यायलो असतो. तुझ्या अम्मींना मी विचारू शकले असते की कसली तारीफ करायची. आता उत्तर मला आलंय आणि वही तपासायला कुणी नाही.

यावर तू काय म्हणाली असतीस ते माहीत आहे. "आलं ना?" म्हणाली असतीस. एवढंच, आणि स्कूटर सुरू केली असतीस.

ढाल कुणाची यावर आठवी अ आणि आठवी ब-मध्ये वाद चालू आहे. मी त्यात पडलेली नाही. शनिवारी आम्ही जेट्टीवर चाललोय. अल्फियाने यादी केली, नावापुढे प्रश्न. सगळ्यात शेवटी माझं नाव आणि पुढे मोकळी जागा. तिने यादी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, टीचर, तुमचा प्रश्न राहिलाय. ती हे तुझ्याकडून शिकली की तिचं तिलाच सुचलं, ते मी विचारलं नाही. जागा भरली.

पण तुला सांगायचं होतं ते त्या पहिल्या दिवसाचं. ढालीचं झाल्यावर मुलं फळ्याकडे बघायला लागली. तुझा प्रश्न, खाली चार खोडलेली उत्तरं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोरडा पेंढा सांगणाऱ्या टीचरकडे. काचेचं झाकण चालेल का, की वर एकच मासा नमुन्याला ठेवायचा, माझ्या डोक्यात विचार धावत होते. काचेतून ऊन आत जाईल, आणि वरचा मासा दुपारपर्यंत कसा दिसेल? वाक्य काही तयार होईना.

"मला येत नाही," मी म्हटलं. "खरंच येत नाही."

मुलांनी वह्या उघडल्या.